मन तयार होत नाहीये, काय करू? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. ४८ टेबलं, दोन कूलर आणि एक कुरकुरणारं दार, ज्याला दर महिन्याला तेल घालायचं ठरवते आणि राहून जातं. त्याआधी सहा वर्षं मी स्वतः एमपीएससी, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची स्पर्धा परीक्षा, केली, त्याबद्दल खाली येईलच. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुणी ना कुणी तेच तेच विचारतं, पोरं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, आणि हल्ली तर स्पर्धा परीक्षेशी काही संबंध नसलेले लोकही विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. आता कुणी विचारलं की हेच पाठवणार. प्रश्नांना नंबर दिलेत, तुमचा सापडला की तेवढाच वाचलात तरी चालेल.

१. ताई, बसायचा मूडच लागत नाही. आधी मन कसं तयार करायचं?

आधी करायचंच नाही. सगळ्यांना वाटतं की पहिल्यांदा मन तयार होतं मग माणूस खुर्चीत बसतो, मी गेली नऊ वर्षं लोकांना खुर्चीत बसताना बघतेय आणि मला तरी उलटंच दिसलंय.

टेबल नंबर १७ ला एक मुलगा बसतो. सकाळी ७.१० ला येतो, रजिस्टरमध्ये वेळ टाकतो, मोबाईल माझ्याकडच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, बाटली भरतो आणि बसला की पहिली वीस मिनिटं फक्त काल चुकलेले प्रश्न परत सोडवतो, नवीन काही उघडत नाही. एकदा मी विचारलं, रोज इतक्या सकाळी मूड असतो का रे तुझा? म्हणाला, "ताई, मूड पावणेआठला येतो. मी त्याच्या आधी येऊन जागा धरतो."

यातलं उचलायचं काय, तर पहिली वीस मिनिटं. ती ठरलेली आहेत, सोपी आहेत आणि त्यात विचार करायचा नाहीये. आज इतिहास करू का पॉलिटी (राज्यव्यवस्था), की आधी चहा घेऊन येऊ, यातच निम्मी सकाळ जाते पोरांची. आदल्या रात्रीच चिठ्ठी लिहून ठेवा, सकाळी उठून फक्त ती वाचायची. एमपीएससी नसेल, पोहायला जायचं असेल किंवा गाणं शिकायचं असेल तरी तेच, पिशवी रात्री भरून दारात.

२. माझं ध्येय क्लिअर आहे, क्लास वन अधिकारी व्हायचंय. तरी रोज काय करायचं ते कळत नाही, असं का?

कारण ते ध्येय कमी आणि निकाल जास्त आहे. निकालात तुझा वाटा असतो पण जागा किती निघणार, कटऑफ कुठे लागणार, पेपर कसा येणार हे तुझ्या हातात नाही. तुझ्या हातातलं असं एक वाक्य लिही जे रविवारी संध्याकाळी हो किंवा नाही म्हणून तपासता येईल. "या आठवड्यात दोन उत्तरं हाताने लिहून कुणाला तरी तपासायला देणार", हे तपासता येतं. "जीव तोडून अभ्यास करणार" हे नाही तपासता येत, त्यात जीवही तुटत नाही आणि अभ्यासही होत नाही.

एमपीएससीच्या राज्यसेवेची मेन्स, म्हणजे मुख्य परीक्षा, २०२५ पासून वर्णनात्मक झाली, नऊ पेपर, हाताने लिहायचे. तरी माझ्याकडची निम्मी पोरं अजून वाचतच बसलेली असतात कारण वाचलं की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि लिहिलं की आपल्याला काय येत नाही ते दिसतं. ते दिसणं नको असतं. याला माइंडसेट म्हणा किंवा काहीही म्हणा, पण माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, वेळ कमी पडण्यात नाही.

३. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, मी दोनदा ट्राय केलं, नाही लागली. माझ्यातच काही प्रॉब्लेम आहे का?

प्रॉब्लेम त्या २१ आकड्यात आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नवीन चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान २१ दिवस जातात. पुढे सांगणाऱ्यांनी चेहरा गाळला, 'किमान' गाळलं आणि आकडा तेवढा ठेवला.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, रोज एक साधी गोष्ट करायची, म्हणजे जेवताना फळ खाणं किंवा थोडं पळणं वगैरे. ती आपोआप व्हायला लागायला मधला आकडा आला ६६ दिवस, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंतचा अंदाज निघाला. म्हणजे तुझा मित्र महिन्याभरात पाचला उठायला लागला आणि तू चार महिने झगडतोयस यात विशेष काही नाही. त्यातच असंही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला म्हणून गाडी घसरत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे गणपतीत दोन दिवस गेले की पोरं म्हणतात आता खंड पडला, दिवाळीनंतर बघू.

४. मग पाडव्यापासून सुरू केलं तर? चांगला दिवस असतो.

करा की. नवीन वर्ष, वाढदिवस, महिन्याची एक तारीख अशा दिवशी माणसाला नव्याने सुरू करावंसं वाटतं हे खरंच आहे, त्यावर अभ्यासही झालेत. फक्त पाडवा तीन आठवड्यांवर असेल तर तोपर्यंतचे तीन आठवडे कशाला सोडायचे ते मला कळत नाही. गुढी उभारायची तर काठी आधी आणून ठेवावीच लागते ना.

५. मोटिवेशनल व्हिडिओ बघितला की दोन दिवस भारी वाटतं, मग परत जैसे थे. कुठले व्हिडिओ बघू?

कुठलेच नको असं म्हणणार नाही, चहाबरोबर एखादा ठीक आहे. पण ते भारी वाटणं हाच गोंधळ असतो. गॅब्रिएल ओटिंगन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी नोकरी शोधणारे पदवीधर बघितले, आणि जे यशाची गोड स्वप्नं जास्त रंगवत होते त्यांना पुढे ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. स्वप्नात पोचलं की शरीर सैल पडतं, असं काहीसं. लाल दिव्याची गाडी, गावात सत्कार, स्टेजवर आईच्या डोळ्यात पाणी, हे सगळं मनातल्या मनात उरकून झालं की जीएसचं (सामान्य अध्ययनाचं) पुस्तक उघडायला कोण उठणार.

त्याच म्हणतात की स्वप्नाच्या शेजारी लगेच आपली अडचण ठेवा, बाहेरची नाही, आपल्या आतली. मग पीटर गोलविट्झर यांची 'जर-तर' पद्धत आहे ती जोडा. उदाहरण देते. "जर दुपारी जेवून आल्यावर झोप आली तर मी रूमवर न जाता उभं राहून नकाशे करेन." "जर मेसवर कुणी निकालाचा विषय काढला तर मी ताट उचलून उठेन." हसू नका, ही दुसरी ओळ भिंतीला चिकटवलेली मी स्वतः पाहिलीये. अडचण आल्यावर ठरवायचं नाही, तेव्हा डोकं चालत नाही, आधी ठरवून ठेवायचं एवढंच यात आहे.

६. ग्रोथ माइंडसेट म्हणजे नक्की काय? "मला जमेल, मला जमेल" म्हणत राहायचं का?

नाही. कॅरल ड्वेक यांनी मांडलेली कल्पना आहे, ढोबळमानाने अशी की बुद्धी किंवा कौशल्य जन्मतः ठरलेलं नसून मेहनतीने, नवीन पद्धतीने आणि दुसऱ्याची मदत घेऊन वाढतं असं जे मानतात ते चूक झाल्यावर कमी खचतात. यात मेहनत सगळ्यांना ऐकू येते, पद्धत आणि मदत हे दोन शब्द हवेत जातात. एकच पद्धत वापरून चार अटेम्प्ट देणारा मुलगा मेहनती असतोच, पण तो वाढत नसतो.

आणि याचा फार बोलबाला करण्यात अर्थ नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या साधारण १२,००० मुलांवरचा मोठा अभ्यास आला, तासाभराहून कमी वेळाचं ऑनलाइन सत्र दिलं होतं, तर ज्यांचे मार्क कमी होते त्यांचे जरासे वाढले, ०.१ ग्रेड पॉइंट. फुकटात मिळालं तर वाईट नाही पण चमत्कारही नाही. "मला गणित येत नाही" ऐवजी "मला शेकडेवारी येते, काळ-काम-वेग येत नाही" असं म्हणायला लागलात तरी पुष्कळ झालं, कारण दुसऱ्या वाक्याचं काहीतरी करता येतं.

७. माझ्याबरोबर सुरू केलेले सगळे लागले, मीच राहिलो. त्यांचे स्टेटस बघवत नाहीत.

मग म्यूट कर, अजून काय सांगू. मत्सर वाटतो म्हणून तू वाईट माणूस ठरत नाहीस. माझी रूम पार्टनर लागली तेव्हा मी पेढे खाल्ले, मिठी मारली आणि मग शास्त्री रोडवरून उगाचच दांडेकर पुलापर्यंत चालत गेले आणि परत आले, रडायला घरात जागा नव्हती म्हणून.

पंधरा दिवसांनी मात्र त्यातल्याच एकाला फोन कर आणि काय केलंस असं मोघम विचारू नकोस, "तुझी उत्तराची वही बघायला देशील का" असं विचार. बहुतेक जण देतात. माझ्या रूम पार्टनरच्या वहीत प्रत्येक उत्तराखाली तपासणाऱ्याचा लाल शेरा होता आणि त्याखाली तेच उत्तर परत लिहिलेलं होतं. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो आणि मला हे माहीतच नव्हतं.

८. सगळं प्लॅनिंग केलं आणि परीक्षाच पुढे गेली. अशाने माणूस टिकणार कसा?

राग येणं बरोबरच आहे, तो आवरा असं मी सांगणार नाही. राज्यसेवेची ५ एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा (प्री) कोरोनात पुढे जात जात शेवटी २१ मार्च २०२१ ला झाली, त्याच्या दहा दिवस आधी पोरं नवी पेठेत रस्त्यावर बसली होती. २५ ऑगस्ट २०२४ ची आयबीपीएसच्या बँक भरतीच्या परीक्षेबरोबर क्लॅश झाली, परत आंदोलन, ती १ डिसेंबरला गेली. त्या रात्री घोषणा देणारी काही पोरं माझ्याकडचीच होती, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला आणि टेबलावर हजर.

एक जुनी गोष्ट सांगते. कोकणातल्या मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठी घाट चढून पायी साताऱ्याला गेला आणि तिथे त्याला वय कमी दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. आला तसा परत. हॉलतिकिटावर फोटो अस्पष्ट आहे म्हणून गेटवर अडवलेल्यांना हे दुःख बरोबर कळेल. तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, ते पुढे १८९१ पासून फर्ग्युसनला गणित शिकवायला लागले आणि आज आपण ज्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकून शिव्या घालतो तो त्यांच्या नावाचा आहे. पण मला या गोष्टीत पुढचं मोठेपण तितकं महत्त्वाचं वाटत नाही, मला तो परतीचा घाट दिसतो. तो उतरताना त्याच्याकडे कुठलाही माइंडसेट असेल असं मला वाटत नाही, पाय दुखत असतील आणि भूक लागली असेल.

व्यवहारात सांगायचं तर तारीख पुढे गेली की पहिले तीन दिवस घरी जा. मग उरलेला वेळ जुन्या टाइमटेबलमध्ये ताणून बसवू नका, कच्चा असलेला एकच विषय घ्या.

९. नोकरी करून जमेल का? हिंजवडीला ऑफिस, जाण्यायेण्यातच तीन तास जातात.

जमेल पण सगळं नाही जमणार, काहीतरी कापावं लागेल आणि ती झोप नसावी. ऑफिसनंतर रात्री बसू म्हणणारे माझ्याकडे महिन्याभराची फी भरतात आणि दहा दिवस येतात, हा माझा हिशेब आहे, त्यांचा नाही. सकाळचा एक तास धरा आणि ध्येय त्या तासाच्या मापाचं करा. बाकी प्र. १.

१०. वय ३९. मुलं मोठी झाली, परत काम सुरू करायचंय पण कॉन्फिडन्सच गेलाय. तुमचं हे सगळं परीक्षेवाल्यांसाठी आहे का?

नाही, असे मेसेज खूप येतात. आमच्याच सोसायटीतल्या एक वहिनी, लग्नाआधीपासून अकाउंट्सला होत्या, २०१३ ला सोडलं. परत शिरायचं म्हणाल्या तेव्हा मधल्या काळात व्हॅट जाऊन जीएसटी आला होता, १ जुलै २०१७ ला, आणि यांना त्यातलं काहीच माहीत नाही. आधी क्लास लावू, आत्मविश्वास आला की अर्ज करू असं चाललं होतं. मी म्हटलं वहिनी, सोसायटीचे हिशेब कुणीच नीट ठेवत नाहीये, तीन महिने तुम्ही घ्या. फुकट, पण दर महिन्याच्या पाच तारखेला कमिटीपुढे मांडायचे. पहिल्या महिन्यात ४१० रुपयांचा फरक लागत नव्हता म्हणून रात्री साडेअकराला माझ्या दारात वही घेऊन उभ्या. टँकरवाल्याची पावती दोनदा धरली गेली होती. सापडल्यावर त्यांचा जो चेहरा झाला तो क्लासच्या सर्टिफिकेटने झाला नसता.

म्हणजे कॉन्फिडन्स हा अलीकडे केलेल्या कामाचा असतो, दहा वर्षांपूर्वीचा पुरत नाही. लहान काम घ्या, त्याला तारीख असू द्या आणि पलीकडे वाट बघणारं कुणीतरी असू द्या. आज त्या एका सीएच्या ऑफिसात अर्धवेळ जातात.

११. किती अटेम्प्ट द्यायचे? हार मानायची नाही असं सगळे सांगतात, पण मग थांबायचं कधी?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात कमी लोकांना उत्तर हवं असतं.

माझं सांगते. सहा वर्षं, तीन मेन्स, एक इंटरव्ह्यू, पोस्ट नाही. प्रत्येक वेळी "हा शेवटचा". सहाव्या वर्षी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला नेहमीच्या दुकानात गेले तर दुकानदार काका म्हणाले, थांबा मॅडम, तुमचा सेट काढून ठेवलाय, दरवर्षी लागतोच. प्रेमानेच म्हणाले ते. मी पैसे दिले, फाईल घेतली आणि अभ्यासिकेत न जाता नदीकाठी जाऊन बसले. मला चिकाटी आहे असं मी समजत होते, आणि ती होतीही, पण पहिल्या तीन वर्षांत. नंतर मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून मी चालू ठेवलं होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून थांबायची तारीख सुरुवातीला ठरवायची, डोकं ठिकाणावर असताना, आणि कागदावर लिहून घरातल्या एकाला द्यायची. वयोमर्यादा ही ती तारीख नाही. ओपनला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ म्हणजे तोपर्यंत फॉर्म भरता येतो इतकंच. तारखेला बघायचं काय, तर मार्क वाढतायत का. प्रीमध्ये दरवेळी तितक्याच मार्कांनी जात असेल आणि दोनदा पद्धत बदलूनही तेच असेल तर थांबा. वाढत असतील, मेन्समध्ये थोडक्यात गेलं असेल, घरचं पैशाचं गणित बसत असेल तर एक, फक्त एक वाढवा.

१२. प्लॅन बी ठेवला की प्लॅन ए वरचा फोकस जातो म्हणतात. खरं का?

काहींचा जातो. पण उदाहरणं देणारे अर्धीच देतात. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं, बालेवाडीला सराव करणारा आपला कोल्हापूरचा मुलगा, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळत होता आणि ऑलिंपिकला जायला बारा वर्षं लागली, हे सगळे सांगतात. तो २०१५ पासून रेल्वेत नोकरीला होता हे पण सांगा की. महिन्याला पगार येतोय हे माहीत असल्यावर हात कमी थरथरत असेल असा माझा अंदाज आहे.

१३. मुलगा दोन वर्षं पुण्यात आहे, फोनवर नीट बोलत नाही. मॅडम, त्याला माइंडसेटवर चार शब्द सांगा ना.

त्याला चार शब्द सांगणारे खूप आहेत हो. तुम्ही निकालाचं विचारणं महिनाभर बंद करा, जेवलास का विचारा, गावाकडचं सांगा, म्हैस व्यायली का ते सांगा. आणि एकदा समोर बसवून पैशाचं स्पष्ट बोला. रूम, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, आम्ही अमुक महिन्यापर्यंत पाठवू शकतो, पुढे नाही. तुम्हाला वाटतं त्याला टेन्शन येईल. त्याला टेन्शन आहेच, आकडा माहीत नसल्याचं आहे. आणि तो फोन उचलतच नसेल, कुणातच मिसळत नसेल तर पुढचा प्रश्न वाचा आणि जाऊन भेटून या.

१४. रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, कधी कधी वाटतं नकोच काही. पॉझिटिव्ह विचार करून बघितले, उपयोग नाही.

हा माइंडसेटचा प्रश्न नाही आणि यावर माझ्याकडचं वरचं काहीही लावू नकोस. दोन आठवडे असं चाललंय म्हणजे डॉक्टरकडे जायचं, ताप आल्यावर जातो तसं. 'नकोच काही' हा विचार येत असेल तर आजच, आत्ता, जवळच्या एका माणसाला सांग आणि १४४१६ ला फोन कर, टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. अभ्यासिकेतला असशील तर माझं दार वाजव, रात्री दोनला वाजव. टेबल आणि फी वगैरे नंतर बघू.

१५. तुम्ही स्वतः अधिकारी झाला नाहीत, मग आम्हाला कशाच्या जोरावर सांगता?

रास्त प्रश्न. तुळशीबागेतल्या एका चहाच्या टेबलावर एका मुलाने तोंडावर विचारला होता. जे झाले ते तुम्हाला कसं झालं ते सांगतील, त्यांचंही ऐका. मी रजिस्टर सांभाळते, त्यामुळे कोण किती वाजता आलं आणि कोण यायचं बंद झालं हे मला माहीत असतं. पटलं तर घ्या.

१६. अभ्यासिकेत जागा आहे का?

एक तारखेपासून १७ नंबर रिकामं होतंय. त्याने लिहून दिलेली तारीख ३१ होती, मेन्स अकरा मार्कांनी गेली, आणि तो बारामतीला नोकरीवर रुजू होतोय. उशी ठेवून जातोय, म्हणाला पुढच्याला द्या. पंख्याखाली आहे, खिडकी नाही. दार सकाळी सहाला उघडतं, फोन करून या.